रॉकेल भरलं ना?

हिरंगपल्ली, ता. एटापल्ली
१२ एप्रिल १९८७

ती. दादास,
वच्छलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र एटापल्लीच्या पोस्टात आठ दिवस आराम करून काल इथं पोचलं. आईच्या गुडघ्याला मालीश चालू आहे हे वाचून बरं वाटलं. कमलावहिनीला सांग, तिने पाठवलेलं लाखोळीच्या डाळीचं पीठ दोन दिवसांत फस्त झालं. मी एकटीने नाही, आम्ही पाचांनी.

हे पाच कोण ते एकदाचं सांगून टाकते, नाहीतर दर पत्रात विचारत बसशील. डॉक्टर बोरकुटे ब्रह्मपुरीचे, वय सव्वीस. मिशी अजून नीट भरली नाही, पण रुबाब मोठ्या सर्जनचा. औषधं सांभाळतो तो अयूब, अहेरीचा. मंगली आणि मी अशा दोघी नर्सा. आणि लालसू, इथलाच माडिया आदिवासी, गावोगाव फिरून लोकांना आरोग्य केंद्रात आणणारा. तो नसला तर आम्ही चौघंही या जंगलात मुके. वयाने तोच मोठा, पण बसतो सगळ्यांच्या शेवटी आणि बोलतो सगळ्यांत कमी.

जेवण एकत्र, आणि जेवताना ठरावही एकत्र. डॉक्टर त्याला आपली लोकशाही म्हणतात. भाजी काय करायची इथपासून शिबिर कोणत्या तारखेला इथपर्यंत सगळं ताटावर ठरतं. कोणाचा विरोध आहे का असं ते विचारतात, आम्ही हात वर करतो आणि "सगळे म्हणजे सगळे" म्हणून ओरडतो. आजवर एकदाही विरोध झालेला नाही. तुला ठाऊक आहे, ट्रेनिंगला मी खोलीत एकटी रडायची. इथं रडायला सवडच देत नाहीत हे लोक.

अयूबचा जीव फ्रीजवर. वीज अजून इकडे आलेली नाही, म्हणून आमचा फ्रीज रॉकेलवर चालतो. खाली टाकी, वात आणि ज्योत, आणि वर गारेगार लस. दिवा लावून बर्फ होतो हे पाहून मी पहिल्या दिवशी येड्यासारखी हसले होते. अयूब रोज सकाळी जमिनीला गाल टेकवून ज्योत निळी आहे की पिवळी ते बघतो. पिवळी झाली की वात कापतो. आम्ही त्याला चिडवतो की नमाज झाली, आता फ्रीजची नमाज चालू.

त्याच्या बहिणीचं, सुलतानाचं लग्न अहेरीला शनिवारी अठरा तारखेला आहे. रोजे लागायच्या आत उरकायचं म्हणून घाई. सगळ्यांना आमंत्रण. खरं तर कोणीतरी एकानं इथं थांबायला हवं असं माझ्या मनात आलं होतं. पण चार हात वर गेले, मग माझाही गेला. नाही म्हणून वाईटपणा कोणी घ्यावा?

सात मेला, बाजाराच्या दिवशी, लसीचं, म्हणजे पोलिओच्या थेंबांचं, मोठं शिबिर आहे. लालसू महिनाभर पायपीट करून आयांना सांगतो आहे. त्याची स्वतःची दहा महिन्यांची चैती यादीत पहिली. ते पार पडलं की जूनमध्ये माझी कायम होण्याची ऑर्डर येईल, डॉक्टर शिफारस करणार आहेत. आईला आत्ताच सांगू नको, ती पेढे वाटून मोकळी होईल.

वहिनीस नमस्कार. तुझा लोभ असू दे, आणि रागही, पण तो थोडा.
तुझी,
वच्छला

*

सावली
१७ एप्रिल १९८७

चि. वच्छलास,
श्रीहरीचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र या वेळी पाचच दिवसांत आलं. पोस्टमास्तरला झोप लागली नसेल. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ऑर्डरची ओळ गाळून. तरी तिने विचारलंच की मधे थांबला काऊन. मी म्हटलं खोकला आला.

परवा जयंतीची मिरवणूक जोरात झाली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. नवीन चप्पल करून घेतली आहे, डाव्या पायाची टाच दोन बोटं उंच. चांभार म्हणाला, गुरुजी, आता तुमचं लंगडणं कळत नाही. मी म्हटलं, बाबा, कळू दे, नाहीतर शाळेतली पोरं मला दुसरं नाव शोधतील आणि ते याहून वाईट असेल. लहानपणी तू माझी नक्कल करत मागे मागे चालायची आणि आईचा मार खायची, ते आठवलं.

तुला सोबती मिळाले याचा मला फार आनंद झाला. माझ्यासारखी कोपऱ्यातली होऊ नको. मास्तरांच्या बैठकीत मी एकदा वेगळं बोललो, तर तीन वर्षं चहाला कोणी हाक मारली नाही. माणसात राहायचं तर माणसांबरोबर हो म्हणावं लागतं. लग्नाला जा, पोटभर बिर्याणी खा आणि आईने दिलेली ती हिरवी साडी नेस. ती पेटीत ठेवून डांबराच्या गोळ्यांना नेसवू नको.

आईचा आशीर्वाद, कमलेचा नमस्कार. पत्र लिहिण्यात कसूर नसावी आणि आमच्यावरची माया आहे तशीच राहावी.
तुझा,
दादा

*

हिरंगपल्ली
२१ एप्रिल १९८७

ती. दादास,
वच्छलाचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र अजून हाती नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते. हे आईला वाचून दाखवू नको.

अयूब लग्नासाठी दोन दिवस आधीच गेला. जाताना फ्रीजकडे तुम्ही सगळे बघा, असं आम्हा चौघांना सांगून गेला. सगळ्यांना सांगितलं म्हणजे कोणालाच सांगितलं नाही, हे आता कळतंय. शनिवारी सकाळी जीप सुरू झाली, मी ती हिरवी साडी सावरत मागे चढले. डॉक्टरांनी पुढून विचारलं, रॉकेल भरलं ना? आणि आम्ही तिघं मागून एका सुरात हो म्हणालो. लालसू हो म्हणाला कारण मंगली म्हणाली. मंगली म्हणाली कारण मी म्हणाले. मी का म्हणाले ते मला अजून सापडत नाही. कोणीच भरलं नव्हतं, दादा. कोणी वाकून बघितलंसुद्धा नव्हतं.

रविवारी परतायचं ठरलं होतं. पण मुलाकडच्यांनी वलिम्याच्या जेवणाला थांबा म्हणून हात धरले. डॉक्टरांनी विरोध विचारला, आम्ही हात वर केले. सोमवारी दुपारी आलो तर फ्रीजखालून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आलेला. ज्योत विझलेली, टाकी कोरडी. आतला थर्मामीटर, जो आठच्या वर जायला नको, बत्तीस दाखवत होता. एप्रिलची ही उन्हं, आणि लस किती तास तशी पडली होती कोण जाणे. बाटल्या बघितल्या तर काही फरक नाही. चांगल्या लसीत आणि मेलेल्या लसीत डोळ्याला काहीच दिसत नाही, हीच तर रड आहे.

अयूबने टाकी भरली, वात लावली, आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. आम्ही जेवायला बसलो पण जेवण कोणाला गेलं नाही. डॉक्टरांनी सगळ्या बाजू मांडल्या. नवी लस मागायची तर कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं तर पहिला बळी अयूब. त्याच्या घरात कमावता तो एकटाच. शिबिर पुढे ढकललं तर लालसूने महिनाभर गोळा केलेला विश्वास जाईल, त्या बाया पुन्हा यायच्या नाहीत. आणि लस गेलीच असेल असं कुठे आहे, थोडीफार चांगली राहिलीही असेल. तेव्हा तापमानाच्या तक्त्यात शनिवार, रविवार, सोमवारचे आकडे पाच, सहा, पाच असे लिहायचे. आणि फ्रीज सलग चालू होता असा कागद शिबिराआधी पाचांच्या सह्यांनी वर पाठवायचा. मंगली रडत म्हणाली की अयूब आपला आहे, आपल्या माणसाला कोणी असं सोडतं का.  

मग डॉक्टरांनी विचारलं, कोणाचा विरोध? हात वर गेले. या वेळी ओरडलं कोणी नाही. मीही हात वर केला, दादा.

चार तारखेला सह्या आहेत. तुला काय विचारू तेही कळत नाही. एवढंच लिही की मी काय करू.

लोभ आहेच, तो आज जरा जास्त हवा आहे.
तुझी,
वच्छला

*

सावली
२६ एप्रिल १९८७

चि. वच्छलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सही कर.

तुझी ऑर्डर जूनवर आली आहे. पाचांत एकटी वेगळी पडलीस तर त्या जंगलात तुझ्याशी बोलायला कोण आहे? डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांनी विचार केलाच असेल. त्या पोराचंही घर आहे. लस पुढच्या वेळी पुन्हा देता येईल. जे चौघं करतील ते तू कर.

इकडे सर्व ठीक. ऊन फार आहे. आईचा आशीर्वाद.
तुझा,
दादा

*

सावली
२७ एप्रिल १९८७

चि. वच्छले,
तुही माय अंजनाबाई इचा आशीर्वाद. लिहून राह्यली कमला.

तुहं पत्र श्रीहरीनं मले वाचून नाई दाखवलं. मी ओळखलं का काईतरी झालं. तो जेवला नाई, तलावाच्या पाळीवर जाऊन बसला. मंग मी कमलेले म्हटलं का उशीखालचं पत्र काढ आन वाच. (सासूबाईंनी सांगितलं म्हणून वाचलं, ह्यांना कळवू नका. कमला.)

तो तुले का लिहून राह्यला ते मले ठाऊक नाई. एक कागद त्यानं फाडला आन दुसरा लिहिला, एवढं मी पायलं. पण मी तुही माय हाये, मले बी चार गोष्टी सांगाव्या लागते.

श्रीहरी दोन वर्साचा होता. चांगला धावे, कोंबडीच्या मागं धावे. एक दिवस ताप आला, तीन दिवस राह्यला, आन उतरला त पाय हाले नाई. मी त्याले पाठुंगळी घेऊन चंदरपूरले चालत गेली. तिथल्या मोठ्या डाक्टरनं पायलं आन म्हटलं का बाई, आता काई होत नाई. याच्यावर औषध हाये का म्हणून मी इचारलं. तो म्हणे, आधी पाजाचं औषध निघालं हाये म्हणते, पण आपल्या इकडे आलं नाई. मी घरी आली. कोनावर चिडू मी? औषधच नव्हतं त कोनावर चिडू?

आता त औषध हाये ना वो. तुह्या हातात हाये. ते मेलं हाये हे तुले ठाऊक हाये, आन तू ते लेकरायच्या तोंडात टाकशील, आन त्या माया आपापल्या पोरायले खांद्यावर घेऊन खुशीत घरी जातीन का झालं आता काम. अवो, ती माय मी आहो. तेवढं ध्यानात ठेव.

तू हात वर केला म्हणते. केला असन. चार लोकायत बसलं का होते तसं, मी काई तुले खात नाई. पण वर केलेला हात खाली घेता येते. तो काई वर चिकटून राहत नाई.

नोकरी गेली त घरी ये. धान लावाले मले माणूस पायजेच. त्या अयूब पोराले शिव्या देऊ नको, तो एकटा नाई चुकला. हो त तूई म्हटलं होतं.

आंगाले जप. उन्हात पदर डोक्यावर घेत जा. मायेचा हात तुह्या डोक्यावर हाये.
(माझा नमस्कार. सासूबाई हे सांगताना एकदाही थांबल्या नाहीत, मलाच लिहिताना थांबावं लागलं. कमला.)

*

हिरंगपल्ली
१० मे १९८७

ती. दादास व ती. आईस,
वच्छलाचा जयभीम. वि. वि.

या वेळी पत्र दोघांच्या नावाने आहे. दादा, तुझी आणि आईची दोन्ही पत्रं एकाच टपालात आली. आई वहिनीकडून लिहिते हे तुला आता कळलं, तर घरात भांडण नको.

मी सही केली नाही.

चार तारखेला दुपारी कागद फिरत माझ्याकडे आला तेव्हा वरच्या चार सह्या झाल्या होत्या. लालसूची सर्वांत खाली, एकेक अक्षर सोडवून काढलेली. मी म्हटलं की मी त्या दिवशी वर केलेला हात खाली घेते. डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले की ठरलेलं मोडायचं असेल तर ठरवायला बसायचंच कशाला. मंगली म्हणाली की हिला सगळ्यांत चांगली व्हायचं आहे, आणि ताट उचलून लांब जाऊन बसली. ते मला सर्वांत लागलं, कारण या गावात माझं डोकं विंचरून देणारी ती एकटी. अयूबचा रोजा होता, तो खाली मान घालून बसला होता. डॉक्टरांनी आठवण करून दिली की ऑर्डरची शिफारस त्यांच्या सहीने जाते.  तुमच्या शिफारशीसाठी मी मेलेली लस पाजणार नाही, एवढंच मी बोलू शकले. 

मी माझा वेगळा कागद लिहून आणला होता. त्यात अयूबचं नाव पहिलं नव्हतं, माझं होतं. रॉकेल भरलं का असं विचारल्यावर न बघता हो म्हणणाऱ्यांत मी होते, असंच पहिलं वाक्य. तो मी वाचून दाखवला. 

मग मी शिबिराची यादी उघडली आणि पोरांची नावं वाचायला लागले. सहज वाचली असं म्हणणार नाही, मुद्दाम वाचली. पहिलंच नाव, चैती लालसू, दहा महिने. तिथं थांबले. लालसूने वर बघितलं. दादा, तो माणूस आपल्या लेकीला तेच पाजायला निघाला होता, कारण चार शिकलेले लोक हो म्हणत होते. त्याने हात पुढे करून सह्यांचा कागद मागून घेतला, खिशातला पेन काढला, आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारली. मग सावकाश म्हणाला की त्या दिवशी जीपमध्ये तोही न बघताच हो म्हणाला होता, हेही मी माझ्या कागदावर खाली लिहावं.

अयूब उठून फ्रीजकडे गेला. सगळ्या बाटल्या काढून त्याने खोक्यात घातल्या, वर चिकटपट्टी लावली आणि वापरायचं नाही असं मोठ्या अक्षरात लिहिलं. परत येऊन त्यानेही आपल्या सहीवर रेघ मारली आणि माझ्या कागदावर सही केली. मला वाटलं तो माझ्यावर चिडेल. तो म्हणाला की पंधरा दिवस मला कोणी काही विचारलंच नाही, मला वाचवायचं सगळ्यांनीच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः पत्र लिहून नवी लस मागवली. माझ्यावर मेहरबानी म्हणून नाही, पाच सह्यांच्या कागदावर दोनच उरल्या म्हणून. आता पाचांनाही खुलाशाचे मेमो आले आहेत आणि माझी ऑर्डर सहा महिने पुढे गेली. अयूबची नोकरी आज तरी आहे.

हे सगळं झालं म्हणजे माझा विजय झाला असं समजू नका. पाच आणि सहा तारखेला लालसू आणि मी जेवढी गावं गाठता आली तेवढी गाठून शिबिर पुढे गेलं म्हणून सांगितलं. तरी सातला बाजारात तीस-चाळीस बाया आल्याच. एक सूरजागडच्या पायथ्याची, पहाटेपासून चालत आलेली, पोर झोळीत. लालसूने तिला समजावलं. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. मी लालसूला विचारलं, तो सांगेना. जोर केल्यावर म्हणाला, ती म्हणते आता पुन्हा येणार नाही, तुमच्या बोलण्याला पाय नाहीत. डॉक्टरांचं तेवढं म्हणणं खरं ठरलं.

नवी लस वीस तारखेला येणार, शिबिर एकवीसला. कितीजणी येतील ठाऊक नाही. न आलेल्यांच्या गावी मी जाणार, एकेक घर करत.

आई, पदर डोक्यावर घेते. दादा, तू "सही कर" लिहिलंस त्याचा मला राग नाही. पण फाडलेल्या कागदात काय होतं ते सांगशील?
दोघांची माया मागणारी,
वच्छला

*

सावली
१५ मे १९८७

चि. वच्छलास,
अनेक आशीर्वाद.

घरात दोन बायका आणि दोघीही गुप्त पोलीस. उशीखाली पत्र ठेवायची सोय राहिली नाही. भांडण केलं नाही, पण कमलेला शिक्षा म्हणून तुझं पत्र चार वेळा मोठ्याने वाचायला लावलं. आईने चारही वेळा ऐकलं. चौथ्यांदा ती म्हणाली, अजून एकदा.

फाडलेल्या कागदात एकच ओळ होती, करू नको. ती लिहिली आणि मला वाटलं, हे मी नाही, माझा पाय लिहितो आहे. मी माझ्या पायाच्या गोष्टी सांगून लोकांना हसवतो. पण बहिणीला असं कसं सांगू की माझ्याकडे बघ आणि तुझी भाकर सोड? तुला त्या जंगलात चौघांनी वाळीत टाकलेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं. एकटं पडणं काय असतं ते मला कळतं, शाळेत पोरं खेळायला जात आणि मी दप्तरं राखत बसे. म्हणून घाबरलो आणि सही कर असं लिहून टाकलं. भित्रेपणा केला, वच्छू. मोठा भाऊ म्हणून लाज वाटली, आणि तू ऐकलं नाहीस म्हणून इतका आनंद झाला की वर्गात विनाकारण सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली असती, पण सुट्टी आधीच लागली होती.

आता नीट ऐक. शाळा जूनच्या अखेरीपर्यंत बंद. मी अठरा तारखेच्या गाडीने निघतो, आलापल्लीला गाडी बदलून एटापल्ली, तिथून मिळेल त्या वाहनाने तुझ्याकडे. शिबिराला न आलेल्यांच्या गावी तू आणि लालसू जाणार ना? मी बरोबर येतो. जंगलातली वाट आहे, तू चालू शकशील का असं विचारू नको, जयंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो आहे. मला माडिया येत नाही आणि भाषण तर मुळीच करायचं नाही. गावात जाऊन विजार गुडघ्यापर्यंत वर करीन आणि बसेन. पुढचं लालसू सांगेल. पंचवीस वर्षं हा पाय नुसता ओढत आणला, आता थोडं कामही करू दे.

आईने तुझ्यासाठी मोहाच्या फुलांचे लाडू बांधले आहेत, पाचांना पुरतील एवढे. लांब ताट घेऊन बसणाऱ्या मंगलीलाही द्यायचे असं तिने बजावलं आहे.
येतोच आहे, तेव्हा उरलेला लोभ समक्ष.
तुझा,
दादा

*

हिरंगपल्ली
१४ जून १९८७

ती. आईस, दादास व वहिनीस,
वच्छलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दादा सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. चप्पलची उंच टाच आमच्या नाल्यात राहिली, ती लालसूने शोधून काढली आहे, पाठवते.

आई, दादाने तुला किती सांगितलं असेल ठाऊक नाही, तो आपली फजितीच सांगतो. यादीत त्र्याण्णव पोरं होती आणि शिबिराला आली एकेचाळीस. मग आम्ही तिघं नऊ दिवस सात गावं फिरलो. दादा झाडाखाली बसायचा, पाय पुढे करायचा, आणि बाया आपोआप गोळा व्हायच्या. सूरजागडच्या पायथ्याशी ती झोळीवाली बाई भेटली. मला बघून आत गेली. दादा तिथंच बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, त्याच्या पोटरीवर हात फिरवला, आणि लालसूला विचारलं की ते थेंब याच्यासाठी असतात का. लालसू हो म्हणाला. तिने दादाला विचारलं की तुला का नाही पाजले. दादाने सांगितलं की तेव्हा नव्हते. ती तिथंच रडायला लागली आणि दादाही. दादा हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

पुढच्या बाजाराला अठ्ठावीस पोरं आली. ती बाईही. चोवीस अजून राहिली आहेत, पावसाआधी गाठायची आहेत. चैतीने थेंब तोंडात घेऊन लालसूच्या अंगावर थुंकले, तिला दुसऱ्यांदा द्यावे लागले. मंगलीने लाडू खाल्ला. माझ्याशी अजून मीठ वाढ इतकंच बोलते, पण परवा विचारलं की डोकं विंचरायचं का. मी लगेच बसले.

कालची गोष्ट सांगून संपवते. पलीकडच्या गावात हिवतापाचे पेशंट बघायला आम्ही सगळे निघालो होतो. जीप सुरू झाली. डॉक्टरांनी पुढून विचारलं, रॉकेल भरलं ना? कोणीच हो म्हटलं नाही. मी उतरले. लालसू उतरला, मंगली उतरली. अयूब आधीच आत जाऊन जमिनीला गाल लावून पडला होता, त्याच्या शेजारी आम्हीही ओणवे झालो. थोड्या वेळाने मागून बुटांचा आवाज आला, आणि डॉक्टरांनी इस्त्रीच्या पँटचे गुडघे फरशीवर टेकले. ज्योत निळी होती. टाकी अर्धी होती, ती भरली.

मग निघालो.

आईची माया, दादाची थट्टा आणि वहिनीची अक्षरं, तिन्ही येत राहोत.
तुमची,
वच्छला